आबांची हलकी रायफल

तीर्थरूप आबा,

पुढे साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. या वेळी हात वळत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

आज तुमची रायफल शिराळ्याच्या पोलीस कचेरीत जमा केली. माणूस गेला की परवाना संपतो म्हणे. साक्षीदार लागत होता, म्हणून नामदेवकाका बरोबर आले. परतीच्या एस्टीत ते शेजारी बसले आणि मी कधीचं विचारत होते ते अखेर बोलले. ते ऐकल्यापासून तुम्हाला लिहिल्यावाचून राहवत नाही.

आठवतं का, ही रायफल घ्यायला तुम्ही सांगलीला आलात तेव्हा मी तिथं शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते? मला दुकानात घेऊन गेलात. एकेक बंदूक खांद्याला लावायची, डोळे मिटून तोलायची आणि खाली ठेवायची! दुकानदारानं लांब नळीची, भक्कम रायफल पुढे केली. तुम्ही म्हणालात, "लय जड. डोंगर चढायचाय मला." शेवटी ती बारीक, बावीस बोअरची उचललीत. खेळण्यासारखी.

दुकानदार म्हणाला, "हवालदार, ही सशा-तित्तिरांची. डुकराला हिनं नुसता राग येईल."

"राग मला बी येतो," तुम्ही म्हणालात, आणि सगळं दुकान हसलं. मीही हसले.

तुम्हाला हलकं का हवं होतं, ते मला तेव्हा कुठं माहीत होतं! पलटणीतून आल्यापासून तुम्ही दुनळी बंदूक घेऊनच वारणेच्या खोऱ्यातले डोंगर पालथे घालत होता. ती कधी जड झाली नव्हती. कशी होईल? ती नामदेवकाकांच्या खांद्यावर असायची. तुमचं पाणी, तुमची शिदोरी, पडलेलं जनावरसुद्धा त्यांच्याच पाठीवर. मग त्यांच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. आणि एका सकाळी काका दारात येऊन म्हणाले, "हवालदार, शिकारीला येतो. पर ओझं ज्याचं त्यानं. माझं मी, तुमचं तुमी."

एवढंच बोलले ना ते? मैत्री तोडली नव्हती, यायला नकार दिला नव्हता. तुम्हाला दुसरा सोबती मिळेना म्हणून त्यांची अट मानलीत, पण जड बंदूक स्वतः वाहायची लाज वाटली. म्हणून ही हलकी रायफल!

पाठीवरची पिशवीही तशीच. पलटणीतल्या जुन्या खाकी पिशवीचे कप्पे तुम्ही आईच्या कात्रीनं कापलेत, पितळी बकलं उचकटलीत. पाण्याची बाटली काढलीत, दोर काढलात. आईनं आत पट्ट्यांचा गुंडाळा आणि आयोडीन ठेवलं, तर ते अंगणात भिरकावलंत. "दवाखाना घिऊन चाललोय व्हय मी?" आई आयोडीनची काच वेचत बसली. तुमच्या संसारात तिनं दुसरं काय केलं, सांगा बरं?

तुम्ही गेलात त्या दिवशीचं मी आज ऐकलं. डुक्कर तुम्ही चांगलं टिपलंत. गोळी बसली, पण ते पडलं नाही. रक्त सांडत करवंदीच्या जाळीत शिरलं. काका म्हणाले, "थांबा. जखमी हाय. गार हू द्या, मग बघू."

आणि तुम्ही काय म्हणालात, आबा? "धर्म बदलला म्हून अक्कल आली व्हय रं, नाम्या?"

म्हणालात आणि आत गेलात. त्यांना खोटं ठरवायला गेलात, दुसरं काही नाही!

डुकरानं मांडी फाडली. काकांनी कुऱ्हाड घालून त्याला हुसकावलं. तुमच्या पिशवीत बांधायला चिंधी नव्हती. स्वतःचा पटका काढून त्यांनी जखम आवळली, रायफल आणि पिशवी तिथंच टाकली आणि तुम्हाला पाठीवर घेतलं.

उतारावर तुम्ही त्यांच्या कानाशी हसलात म्हणे. "उचललंस का न्हाई शेवटाला?" म्हणालात.

मरता मरता तुम्हाला हेच सुचलं? आईचं नाव नाही, माझं नाही. पाणीसुद्धा मागितलं नाहीत! ज्याच्या मानेवर तुमचं रक्त ओघळत होतं, त्याला टोमणा मारलात!

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. काकांना वाटलं, ग्लानी आली. ते बोलत राहिले. "आवं हवालदार, ओढा आला. आवं, आता गाव दिसतंय." पारावर उतरवलं तेव्हा कळलं, ते केव्हापासून मेलेल्या माणसाची समजूत घालत होते.

पारावरचे लोक काय म्हणाले, ऐकायचंय? "उचलायचं कामच हाय त्याचं." कुणी म्हणालं, मुद्दाम हळू चालला असेल. ज्यांना तुम्ही जन्मभर पंगतीला बसवलंत, तेच हे लोक. काकांना त्या दिवशी कुणी हात धुवायला पाणी दिलं नाही. ते तसेच, तुमच्या रक्तानं माखलेले, वस्तीपर्यंत चालत गेले.

एस्टीत मी विचारलं, "काका, तुम्हाला राग नाही आला?"

"आला की," ते म्हणाले. "पर राग आला म्हून खाली टाकू व्हय माणसाला?"

मग खिडकीबाहेर बघत राहिले. मला तुमची मुलगी म्हणून त्यांच्या शेजारी बसवेना, आबा. उठून उभी राहिले. ते म्हणाले, "बस गं पोरी, खड्डा हाय पुढं."

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. गाव जेवायला येईल. चुलते तुमच्या शौर्याची कथा सांगतील, हवालदार डुकराशी कसा झुंजला ती. काकांना मी बोलावून पाहिलं. म्हणाले, "आमी ती वाट सोडली. तुजं तू कर."

करते. पिंड ठेवला की कावळा शिवावा म्हणून घरचे गेलेल्याला शब्द देतात. माझाही शब्द घ्या. भरल्या पंगतीत, आईसमोर, तुमचं ते शेवटचं वाक्य तुमच्याच आवाजात सांगेन. काकांचं नाव मात्र तुमच्यासारखं नाम्या नाही, नामदेवराव असं घेईन. आई रडेल. चुलते हात धरून आत ओढतील. कावळा शिवो न शिवो, ते बोलल्याशिवाय मी हटणार नाही.

तुमचीच मुलगी,
शालिनी