श्रावणीच्या खोलीतला काळा पडदा

रविवार, संध्याकाळ. आज रात्रीपासून परत नाइट शिफ्ट.

श्रावणीची खोली झाली एकदाची. जांभळा रंग, अभ्यासाचं टेबल, खिडकीला जुन्या काळ्याच्या जागी पांढरा झिरझिरीत पडदा. तो मीच लावला. लावतानाच कळलं, नाइट करून आल्यावर दिवसा इथं आता मला झोप लागायची नाही.

मग ती म्हणालीच, "पप्पा, तुम्ही आता हॉलमध्ये झोपाल का? गादीला कंपनीचा वास येतो." हळूच म्हणाली. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तेरा वर्षांची पोर, काय चुकलं तिचं? मशीनच्या ऑइलचा वास आंघोळ करूनही जात नाही, मला काय माहीत नाही?

पण तो जुना काळा पडदा... नाइटच्या आठवड्यात मी सकाळी घरी यायचो, तेव्हा ती शाळेला निघत असायची. जाताना तो पडदा ओढून, माझ्यासाठी खोलीत अंधार करून जायची. पहिलीत होती तेव्हा स्टुलावर चढून ओढायची. आमची भेट तेवढीच.

आत्ता तिनंच तो घडी घालून हॉलमध्ये माझ्या उशीवर ठेवलाय. बाल्कनीच्या काचेला निम्मासुद्धा पुरणार नाही. आणि पुरला तरी उद्या सकाळी ओढणार कोण?