साहेबांच्या डोळ्यातली बाहुली

४ मार्च, सकाळ
ही मुलीकडे गेली. बाळंतपण, म्हणजे महिनाभर तरी. जातानाच्या सगळ्या सूचना पोपटाबद्दल, माझ्याबद्दल एकही नाही. पोपटाचं नाव साहेब. मूळचा सासऱ्यांचा. ते गेल्यावर पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. दारात हिचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबांचं एवढंच उरलंय माझ्याकडे, सांभाळा. मी म्हटलं, निर्धास्त जा. मला पक्ष्यांची भीती वगैरे वाटत नाही. चोचीपासून जरा अंतर राखतो, इतकंच.

५ मार्च, संध्याकाळ
दुकानातून आलो, दार उघडलं आणि साहेबांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. पिवळ्या बुबुळातली काळी बाहुली एकदम मोहरीएवढी झाली. मग मिऱ्याएवढी. परत मोहरी. परत मिरी. उजेड होता तेवढाच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझं चष्म्याचं दुकान आहे. उभा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेला, पण असा डोळा पाहिला नाही. घाबरलो नाही. चहा मात्र गॅलरीत उभा राहून प्यालो.

६ मार्च
पुन्हा तेच. मी आत आलो की सुरू. मान खालीवर, घशातून बारीक आवाज, आणि मोहरी-मिरी, मोहरी-मिरी. शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावलं. त्यांच्यासमोर डोळे ढिम्म. काकू म्हणाल्या, छान तर आहे की! म्हणजे हे फक्त मला दिसतं. हे जास्त वाईट.
माझं निदान: डोळ्याची नस. किंवा मेंदू. उद्यापासून शास्त्रशुद्ध तपासणी.

७ मार्च
दुकानातला अक्षरांचा तक्ता आणून पिंजऱ्यासमोर टांगला. साहेबांनी कोपरा ओढून घेतला आणि सगळ्यात मोठं अक्षर खाल्लं. म्हणजे जवळचं नीट दिसतं. टॉर्च मारला तर टॉर्चकडे बघेचनात, माझ्याकडेच बघत राहिले, आणि डोळे सुसाट. टॉर्च हातातून पडला. हात थरथरला नव्हता, टॉर्चच गुळगुळीत आहे.
हिचा फोन. साहेब कसे आहेत? म्हटलं, मजेत. फोन ठेवला आणि पिंजऱ्याकडे पाहिलं. याचं काही बरंवाईट झालं तर हिला कुठल्या तोंडाने सांगू?

९ मार्च
आंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला. हा आजार नाहीच. राग आहे. सासरेही मला बघून डोळे असेच बारीक करायचे. त्यांना मी टाळायचो आणि सगळं सुरळीत चालायचं. तोच मार्ग धरायचा. पिंजऱ्यावर चादर टाकली. समोर जायचं नाही, बोलायचं नाही. खाणं चादरीखालून, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात लांब दांड्याच्या पळीतून. ही भीती नव्हे, पथ्य आहे.

१३ मार्च
गुण आला! चादर जराशी उचलून चोरून पाहिलं. डोळे शांत. बाहुली जागची हलत नाही. डॉक्टर झालो असतो तर नाव काढलं असतं. हिला एवढ्यात सांगणार नाही. आल्यावर सरप्राइज.

१७ मार्च
पिंजऱ्यात हिरवी पिसं पडली आहेत. झडायचा सीझन असावा. शिट्टी बंद, बडबड बंद. स्वभाव सुधारला असं म्हणायला हरकत नाही. पण घर फार गप्प वाटतं.

१८ मार्च
सीझन नाही. छातीवर टक्कल. स्वतःची पिसं स्वतःच उपटतात. दुकानाला कुलूप, पिंजरा मांडीवर, टॅक्सी. सबंध रस्ताभर मी त्यांना म्हणत होतो, साहेब, असं नका करू.
प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना सगळी हकिकत सांगितली, मोहरी-मिरीसकट. त्यांनी विचारलं, तेव्हा पिसं फुगवायचा? चोच वासायचा? म्हटलं नाही, मान डोलवायचे. बाई हसल्या. म्हणाल्या, अहो, म्हणजे खूश व्हायचा तो. आवडतं माणूस दिसलं की पोपट डोळे असे करतात. आता नाही का करत? मी पिंजऱ्याची कडी उगाच नीट लावली. म्हणाल्या, एकटा पडलाय बिचारा. चादर काढा आणि बोला त्याच्याशी.
घरी येऊन हिला फोनवर सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी धडगत नाही. तिने आधी पिसांची चौकशी केली. मग म्हणाली, बाबा गेल्यापासून त्याने कुणालाच तसे डोळे केले नाहीत. मलासुद्धा नाही. अहो, तुम्हाला केले?
चहा आज पिंजऱ्यापाशी बसून प्यालो. गार झाला होता.

२५ मार्च
चादर धुऊन कपाटात. रोज समोर बसतो, गिऱ्हाइकांच्या गमती सांगतो. पिसं उपटणं थांबलं. डोळे मात्र ढिम्म. आधी ते हलायचे म्हणून भीती वाटायची, आता हलत नाहीत म्हणून वाटते. ही भीती जास्त आहे. संध्याकाळी किल्ली हातात धरून दाराबाहेरच जरा वेळ उभा राहतो.

३ एप्रिल
ही आली. पर्ससुद्धा न ठेवता पिंजऱ्यापाशी गेली. ढिम्म. मी पुढे झालो. ढिम्म. ती मला काही बोलली नाही, ते फार लागलं.
मग जेवायची तयारी करताना ती लांब दांड्याची पळी हातात घेऊन बाहेर आली आणि साहेब उसळले! मान डोलतेय, घशातून बारीक आवाज, मोहरी-मिरी, मोहरी-मिरी. पळी उजवीकडे नेली, नजर उजवीकडे. डावीकडे नेली, डावीकडे. ही हसून हसून खुर्चीत कोसळली. मी तिला शांतपणे सांगितलं, की इतके दिवस पळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
उद्यापासून नवा प्लॅन. संध्याकाळी दारातून आत येताना पळी चेहऱ्याशेजारी धरायची. रोज थोडी थोडी मागे न्यायची. एक दिवस पळी नसेल आणि त्यांच्या लक्षातही येणार नाही.
पळी आत्ताच दुकानाच्या पिशवीत घालून ठेवली.