मॅडमचे भाऊ

प्रिय टकळे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटेल, आईला काही झालं. काही झालेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. मला जे सांगायचं असतं ते तूच माझ्या वतीने सांगतेस, त्याला उत्तरही तूच देतेस, आणि वर ‘बरं झालं दादा, मोकळेपणाने बोललास’ म्हणून फोन ठेवतेस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा उद्योग. आईचा गुडघा दुखतो, पण तुझा विषय निघाला की थांबतो. तुझ्या बढतीची बातमी तिने अख्ख्या इमारतीत पोचवली आहे. खालचे शिंपीकाका म्हणाले, आणि मुलगा काय करतो? आई म्हणाली, तोही त्याच कामावर आहे, तारांचं बघतो.

तारांचं बघतो. सरकारी रुग्णालयांतल्या सगळ्या रुग्णांची नोंद एका यंत्रणेत आणायची, म्हणजे एका गावात तपासलेला माणूस दुसऱ्या गावच्या डॉक्टरसमोर बसला की त्याची औषधं, त्याची दुखणी, त्याला काय चालत नाही ते सगळं समोर दिसलं पाहिजे. हे काम ज्याच्या आराखड्यावर उभं आहे तो तारांचं बघतो. खात्याच्या मासिकात उद्घाटनाचा फोटो आला होता, आठवतो? मधोमध तू, तुझ्या दोन्ही बाजूंना परिचारिका, आणि डाव्या कडेला एक कोपर. ते कोपर माझं आहे. आईने तो फोटो कापून फ्रिजवर लावलाय. पाण्याची बाटली काढताना रोज मी माझं कोपर बघतो.

मोठ्या रुग्णालयाचं तुझ्या कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून ऐक, कारण मी तपशील गाळत नाही. तिथल्या केसपेपरच्या खिडकीवरच्या लोकांनी नवी यंत्रणा वापरायला नकार दिला आहे. त्यांचं बघून वॉर्डातल्या परिचारिकाही अडून बसल्या. लहान रुग्णालयं सगळी आपल्याकडे आली, पण तिथले अवघड रुग्ण शेवटी पाठवतात ते इथेच, आणि इथे येऊन सगळं अडतं. मागच्या आठवड्यात एका बाईंना असंच पाठवलं. कोणतं औषध त्यांना सोसत नाही ते आमच्याकडे स्वच्छ नोंदलेलं होतं, पण इथे ते बघणार कोण? सुई भरून झाली होती. त्यांच्या मुलीला ऐन वेळी आठवलं म्हणून निभावलं. मुलगी बरोबर नसती तर काय, याचा विचार मी करतो आणि मग जेवण जात नाही.

तू या कामावर आलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे तुलाही माहीत आहे. सरकारी कागदात ज्यांना ‘संबंधित घटक’ म्हणतात, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, कारकून, औषधवाले, रुग्णांचे नातेवाईक, त्या सगळ्यांशी नुसतं बोलायला एक अख्खा माणूस कशाला हवा, असं मी बैठकीत विचारलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तो माणूस म्हणून माझी सख्खी धाकटी बहीण दारात उभी. मी शाळा सोडली ती मास्तरांशी भांडून. पुढचं सगळं टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात, फेकून दिलेली माहितीपुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत शिकलो. कोणी बोट धरलं नाही. तू मात्र कॉलेजात वादविवाद करून चषक आणायचीस, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा आधी चषक बघायचा. मी दुरुस्त केलेल्या रेडिओवर बातम्या ऐकत बसायचे तेच लोक, पण रेडिओ का वाजतोय ते एकाने विचारलं नाही.

तुझी पद्धत तर मला पहिल्या दिवसापासून खटकली. नदीकाठच्या रुग्णालयातली ती पहिली सभा. मी यंत्रणेचे गुण क्रमाने मांडून ठेवले होते, आणि तू उभी राहून सुरुवात कशाने केलीस? आधी काय बिघडणार आहे ते सांगते, म्हणालीस. रांग लांबेल, बोटं चुकतील, जुनी वही बरी होती असं रोज वाटेल. माझा तीळपापड झाला. स्वतःच्या घरचं स्थळ दाखवायला न्यावं आणि दारातच मुलगी तिरळी आहे म्हणून सांगावं, तसं. मग परिचारिकांना म्हणालीस, ही यंत्रणा म्हणजे बदली होऊन आलेली नवी सिस्टर समजा, हुशार आहे, पण कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते तिला तुम्हीच दाखवायचं. संगणक म्हणजे सिस्टर नव्हे, त्याला बदलीही नसते आणि कपाटही नसतं, हे मी तुला नंतर गाडीत सांगितलं. तू खिडकीबाहेर बघून हसत होतीस. पुढच्या महिन्यात ज्या त्या रुग्णालयात मला लोक विचारायला लागले, तुमची नवी सिस्टर काय म्हणते? आणि मी कोण, तर मॅडमचे भाऊ. मेट्रनबाईंनी एकदा मला पंखा बघायला सांगितलं. मी तो दुरुस्त केला, ती गोष्ट वेगळी.

याला हेवा म्हणतात. मी शब्द नेमके वापरतो, म्हणून मीही तोच वापरतो. तुझ्या बोलण्याचा नाही, बोलायला काय लागतं? तू खोलीत आलीस की लोक खुर्ची पुढे करतात, त्याचा. मी आलो की प्रोजेक्टरची पेटी कुठे ठेवायची ते दाखवतात.

आणखी एक आहे, ते तुला कधी सांगितलं नाही. नदीकाठी यंत्रणा सुरू झाल्यावर पहिले काही दिवस तू खिडकीवर कारकुनांच्या शेजारी जाऊन उभी राहायचीस. मी आतल्या खोलीत सर्व्हरपाशी असायचो आणि मधली भिंत पातळ होती. एक दिवस नोंदीच उघडेनात. चूक माझ्या आराखड्यात होती, सरळ माझी. बाहेर एका गृहस्थांनी तुला जे काही ऐकवलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं. आजारी बापाला घेऊन आलेला माणूस कसा बोलेल तसंच ते बोलत होते. तू त्यांना मध्ये एकदाही तोडलं नाहीस. तू, जी मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. ते दमून थांबले तेव्हा म्हणालीस, चूक आमची आहे. बस, एवढंच. आत बसून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला राग आला. आमची कशी? कामाचं कौतुक तर तू नेतच होतीस, आता माझी चूकसुद्धा अर्धी नेलीस. तेव्हा मला खरंच असं वाटलं. हल्ली वेगळं वाटतं, पण किती वेगळं ते अजून नीट ठरलेलं नाही.

तू बदली होऊन गेलीस आणि तुझी जागा रिकामीच राहिली. मोठ्या रुग्णालयाची सभा माझ्यावर आली. मला आनंद झाला होता, लपवत नाही. कोट धुवून आणला. प्रत्येक आकडा तीनतीनदा तपासला. सभागृह भरलेलं होतं. मी सगळं सांगितलं, सोपं करून आणि बरोबर सांगितलं, आणि ते लोक पडद्याकडे बघत बसले, जसे बस येईपर्यंत लोक समोरच्या भिंतीकडे बघतात. शेवटी केसपेपरच्या खिडकीवरच्या प्रमुख बाई उठल्या. बुटक्याशा आहेत, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी एकच विचारलं.

“ही बंद पडली तर खिडकीवर शिव्या कोण खाणार?”

मी म्हणालो, “बंद पडणारच नाही.”

टकळे, ते खरं होतं. नदीकाठची ती चूक मी मुळातून काढली आहे, आता एक यंत्र बंद पडलं तर दुसरं आपोआप उभं राहतं. मी ते त्यांना फळ्यावर चित्र काढून दाखवायला वळलो, आणि पुन्हा तोंड फिरवलं तेव्हा मागच्या दोन ओळी रिकाम्या झाल्या होत्या. कोणी भांडलं नाही. कोणी आवाजही चढवला नाही. खुर्च्या नीट सरकवून गेले. त्या बाई तेवढ्या थांबल्या, मला वाटलं, चित्र बघायला. त्यांनी विचारलं, मॅडम कधी येणार आहेत? मी म्हणालो, त्यांची बढती झाली. मग त्या आल्या की बघू, म्हणाल्या, आणि दिवा घालवताना मला दार दाखवून गेल्या, अगदी सौजन्याने.

चार दिवस मी घरीच बसलो. आईने विचारलं तेव्हा तारा जळल्या म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी पुन्हा तिथे गेलो, कोणाला न सांगता, आणि केसपेपरच्या खिडकीच्या आतल्या बाजूला एका स्टुलावर बसलो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा कामाला लागल्या. दुपारपर्यंत मी काही बोललो नाही; मला ते जमतं, हे तर तुम्ही सगळे मानता. मी फक्त ऐकत होतो की त्या काचेतून आत काय काय येतं. यंत्रणा नाही, काही नाही, साधी वही, आणि तरी लोक ज्या थराला जातात, बाप रे. त्या बाईंच्या आईवडिलांचा उद्धार माझ्यासमोर दोनदा झाला. चहाच्या वेळी त्यांनी मला कप दिला, तेव्हा मी म्हणालो की त्या दिवशी सभेत मी चुकीचं उत्तर दिलं. ती बंद पडू शकते. पडली तर तुम्हीच शिव्या खाणार, पण मी या स्टुलावर असेन. त्या बराच वेळ बिस्किट चहात धरून बसल्या, इतका की ते आत पडलं. मग म्हणाल्या, बुधवारी सगळ्यांना बोलावते, पण तो पडदा आणि ते यंत्र आणू नका.

आता पत्र कशासाठी ते सांगतो. बुधवारच्या सभेचं मी संचालकबाईंना कळवलं आणि त्या म्हणाल्या, छान, मग धोका कशाला पत्करायचा, तुमच्या बहिणीलाच एक दिवस बोलावून घेऊ. हे पत्र मिळेल त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यांचा तुला फोन येईल. तू आलीस तर ते लोक तासाभरात तयार होतील, यात मला काडीची शंका नाही. मी गेलो तर होतील की नाही, खरंच सांगता येत नाही, आणि मध्ये ती सुई भरलेली बाई आहे, हेही मी विसरलेलो नाही. म्हणून ठरवायचं तूच. मी घाण करीन असं वाटत असेल तर बेशक ये, मी पेटी उचलीन आणि तोंड वाकडं करणार नाही. पण तसं वाटत नसेल, तर त्यांना नाही म्हण. कारण काय द्यायचं ते मी तुला काय शिकवणार. गप्प बस म्हणून तुला मी लहानपणापासून दरडावत आलो. विनंती आजच करतो आहे.

तुझाच, आणि अजूनही थोडा जळणारा,
दादा