जमिनीवर पडलेली रोटी

शनिवार, २ मार्च
आज हाजींना बावीस घास भरवले. एक कणही सांडला नाही. अल्लाचे उपकार! अर्धांगाचा झटका येऊन चार महिने होत आले. उजवं अंग अजून तसंच. ज्या हातानं आमच्या दुमियात शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुलींच्या पलंगांवर वेली कोरल्या, तो मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडून असतो.
शेजारची अफाफ म्हणाली, "तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं गं!"
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मंगळवार, ५ मार्च
व्यायाम करून घेणारी नवी डॉक्टरीण आली. रगदा नाव. आमच्या लेकीपेक्षा, इनासपेक्षाही लहान दिसते. मी भरवत होते, ती नुसती बघत बसली. मग म्हणते, "मावशी, हे हातानं जेवायचे कधी थांबले?"
म्हटलं, "मी असताना त्यांना कशाला त्रास?"
"हाताला काम दिलं तरच हात परत येतो, मावशी. पहिले महिने सोन्याचे. ते भरवण्यात गेले."
तोंडावर बोलली! मी चहासुद्धा विचारला नाही.

बुधवार, ६ मार्च
सकाळपासून तेच डोक्यात. नमाजात दोनदा चुकले.
डिसेंबरात ते आपल्या उजव्या हातानं रोटी घेत होते! थरथरत का होईना. तुकडा तोंडापर्यंत जायचा आणि जमिनीवर पडायचा. रोटी जमिनीवर — केवढं पाप! मी उचलायची, चुंबायची, कपाळाला लावायची, पाखरांसाठी खिडकीत ठेवायची. तिसऱ्या दिवशी ओरडले. "अहो, अल्लाचं देणं पायदळी तुडवायचं का? राहू द्या, मी भरवते!"
त्यांनी हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला नाही. मला वाटलं, ऐकलं माझं.

शुक्रवार, ८ मार्च
डॉक्टरिणीच्या सांगण्यावरून त्यांचा धड असलेला डावा हात फडक्यात बांधला, म्हणजे उजवा वापरतील. रोटी पुढ्यात ठेवली. "घ्या हाजी." हलले नाहीत. माझ्याकडे बघत तोंड उघडलं — पाखराच्या पिलासारखं.
इनास फटकन म्हणाली, "आई, ही सवय तूच लावलीस."
शेवटी भरवलं. अठरा घास.

रविवार, १० मार्च
आजही नाही.

मंगळवार, १२ मार्च
रगदानं त्यांची बोटं एकेक करून उघडली. म्हणाली, "पकड मला वाटलं त्यापेक्षा बरी आहे. कुणी सराव करून घेतं का?"
"कोण घेणार? त्यांची इच्छाच मेली आहे," मी म्हटलं. त्यांच्यासमोर म्हटलं! ते भिंतीकडे बघत होते.
"सांडू दे, पडू दे," ती म्हणाली. "उशीर झालाय. पण अजून थोडं मिळेल." आज चहा दिला. दोन चमचे साखर घातली.
अल्ला, पडलेल्या तुकड्यांना मी जपलं. माणसाला ओरडले.

शुक्रवार, १५ मार्च
गादी उन्हात टाकायला उचलली. भिंतीकडच्या बाजूला त्यांचा कारखान्यातला जुना रुमाल, गाठोडं करून खुपसलेला. आत रोटीचे तुकडे. मोजले — एक्केचाळीस. प्रत्येकावर बोटं रुतल्याच्या खुणा. तळचे बुरशीनं हिरवे. सगळ्यात वरचा अजून मऊ.
म्हणजे मी नमाजाला बसले की ते उशाशी ठेवलेल्या रोटीच्या टोपलीतून उजव्या हातानं घेऊन बघायचे.
रुमाल त्यांच्यासमोर धरला. जीभ जड, तरी बोलले —
"पडले... जमिनीवर नाही. रागावू नकोस."