अवरेच्या वेलाला लागणारी रात्र

अण्णा,

अंगणात फरशी बसू द्यायची नाही, हे मी जूनमध्येच ठरवलं होतं. फाटकापासून पायरीपर्यंतची जागा तुम्ही असताना मातीची होती, तशीच ती राहील. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. बंगळुरात, राजाजीनगरच्या आपल्या गल्लीत आता दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि दादा दर रविवारी आला की जागा शोधत तीन फेऱ्या मारतो, त्यामुळे त्याची अडचण खोटी नव्हती. त्याने गवंडी आणून मापंही घेतली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "ह्यांचं बी आहे, ह्यांचा वेल आहे. संक्रांतीपर्यंत एका जेवणापुरत्या शेंगा आल्या तर अंगण राहील. नाही आल्या तर घाला फरशी, मी एक शब्द बोलणार नाही. सरी?" दादा लगेच सरी म्हणाला. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत आपल्या अवरेच्या, आई पावटा म्हणते त्या, वेलाला एकही शेंग आली नव्हती, हे त्याला माहीत होतं.

तुमच्या वेळी असं कधी झालं नाही. जुलैत पेरायचं, दसऱ्यापर्यंत वेल भिंतीवर चढायचा, थंडी पडली की फुलं आणि संक्रांतीच्या आधी शेंगा. पानांवर दव असतानाच तुम्ही बंबातली राख उधळायचात, मावा पडू नये म्हणून, आणि मी मागे डबा धरून उभी असायची. शेंगा तोडल्या की बोटांना तो चिकट वास लागायचा, इथे सगळे ज्याला सोगडु म्हणतात तो. शाळेत मी बोटं हुंगत बसायची. संध्याकाळी आपण स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आहोत, मध्ये भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं. तुम्ही दाणा दोन बोटांत दाबता, साल हातात राहते आणि दाणा नेमका ताटात पडतो. माझा उडून फडताळाखाली जातो. "नेम चुकला, इंजिनिअर," तुम्ही म्हणता. मी नऊ वर्षांची आहे, आणि मी इंजिनिअर होणार हे अजून फक्त तुम्हालाच माहीत आहे.

बाराव्या वर्षी मी वेल लवकर वाढावा म्हणून शेजारून मूठभर युरिया आणून मुळाशी टाकला होता. तुम्ही ओरडला नाहीत. कारखान्यातल्या जुन्या करवतीच्या पात्यापासून तुम्ही माझ्या हाताच्या मापाचं एक खुरपं करून दिलं होतं, ते माझ्या हातात ठेवलंत आणि वरची चार बोटं माती माझ्याचकडून काढून घेतलीत. ऊन होतं, मी रडत होते, तुम्ही सावलीत उभं राहून म्हणालात, "काही बिघडलं की आधी आपण काय बदललं ते आठवायचं. झाडाने काय केलं ते नंतर." तेव्हा मला ते कठोर वाटलं. नोकरीत आता तेच मी इतरांना सांगते.

तरीही ह्या दोन हिवाळ्यांत ते मला स्वतःला सुचलं नाही. मी मातीचा सामू मोजला. शेणखत निम्म्यावर आणलं, कारण वेल नुसता पानांनी फुगत होता. निंबोळी पेंड, ताक, आच्छादनाला सुकलेली पानं, पाणी मापाने. सगळं नीट केलं आणि फूल म्हणून आलं नाही. दादा गाडीची किल्ली बोटात फिरवत यायचा. "तुझा एखादा सेन्सर लाव ना भिंतीला. शेंगा कुठे अडकल्यात ते तरी कळेल."

यंदा नोव्हेंबरमधल्या एका रविवारी पाण्याच्या टाकीमागचा नळ गळतो म्हणून मी त्या अरुंद बोळात शिरले. वेलाची एक फांदी भिंतीच्या कडेने वळून तिथे आली होती आणि ती पांढऱ्या फुलांनी भरली होती. बाहेर येऊन पाहिलं, तर उरलेली सगळी भिंत नुसती हिरवी. माती तीच, पाणी तेच, मूळही तेच. मग मी फाटकाच्या खांबाकडे पाहिलं. अडीच वर्षांपूर्वी कुणीतरी कंपाउंडवरून उडी मारून पितळी नळ काढून नेला, आई घाबरली, म्हणून मी तिथे दिवा बसवला होता. अंधार पडला की आपोआप लागणारा, उजाडल्यावर विझणारा. इलेक्ट्रॉनिक सिटीत मी दिवसभर असलेच सेन्सर तपासते, त्यामुळे त्यातला सेन्सर मीच निवडला होता आणि तो एकदाही चुकला नव्हता. जुन्या जातीची अवरे रात्र लांबली की फुलते. आपल्या भिंतीवर अडीच वर्षांत रात्रच झाली नव्हती. टाकीच्या सावलीत तेवढी ती होत होती.

त्याच दुपारी मी पत्र्याची झडप कापून दिव्याला बसवली. आई पायरीवर उभी होती. "पुट्टी, दिवा काढू नको गं. मला भीती वाटते."

"काढत नाही. फाटकावर उजेड आहे तेवढाच राहील. वेलावर पडणार नाही, बस."

"आणि भिंतीकडून कुणी आलं तर?"

"पायरीपाशी दुसरा लावते. कुणी हललं तरच लागेल असा."

ती तिन्हीसांजेला खिडकीपाशी उभी राहून दोन्ही बाजूंना नीट पाहून आली. "सरी. पण चोर आला तर मी तुला नाही उठवणार. तुझ्या वेलालाच हाक मारीन."

चार आठवड्यांत भिंत फुलली. संक्रांतीच्या चार दिवस आधी आईने टोपलीभर शेंगा तोडल्या आणि भातावर घ्यायला दाण्यांचं पातळ सारू केलं. दादाने दोनदा भात घेतला, ताट उचलताना म्हणाला, "गाडी कोपऱ्यावर लावत जाईन. तेवढंच चालणं होईल," आणि गवंड्याला फोन करायला बाहेर गेला.

अण्णा, एवढंच झालं असतं तर मी लिहायला बसले नसते. मागच्या वर्षी, दुसरा हिवाळा वाया गेल्यावर, बियाणंच उतरलं आहे असं मी ठरवलं. फडताळातली तुमची काचेची बरणी, राखेत ठेवलेलं बी, आई दर वर्षी नवं करून ठेवायची ते, मी घंटागाडीत रिकामी केली. ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून उगवण पाहिली असती तरी कळलं असतं. मी तेही केलं नाही. कामावर कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. यंदा पेरलेलं बी मागच्या घरातल्या अक्काकडून आणलेलं आहे. "अण्णांचं आहे का हे, अक्का?" मी आशेने विचारलं होतं. "इल्ला, इल्ला. आमच्या गावचं आहे ते. तुमचं तुमच्याकडे असेल की," ती म्हणाली.

आईने अट घातली तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. तोंड उघडलं असतं तर त्याच आठवड्यात फरशी आली असती. अंगण मी अजूनही सोडणार नाही, तिला खरं कळल्यावर दादा पुन्हा मापं घेऊन आला तरी नाही. ते मी भांडून राखीन. पण हे सगळं तुम्हाला लिहिलं ते तुम्ही काही विचारू शकत नाही म्हणून. सांगायचं आहे ते आईला. आत्ता ती बाहेर सुपात शेंगा वाळत घालते आहे, त्यातल्या भरीव निवडून बाजूला ठेवते आहे, ह्यांचं बी म्हणून. मला इथून दिसते आहे. मी अजून खुर्चीतून उठलेले नाही.