हातभर खोल

सिंदेवाही, वैशाख वद्य पंचमी, १९५६

प्रिय अन्नपूर्णा,

अक्षर पाहून तुले नवल वाटलं असल. प्रौढांच्या वर्गात दोन हिवाळे बसून तुझी जाऊ लिहायले शिकली. हे पत्र दुसऱ्याच्या हातून लिहवायचं नव्हतं. मुखरूभाऊ तुमच्या सिरोंच्याहून आला, त्यानं सांगतलं की तुले सातवा लागला, पण तू घास गिळत नाई. हेही लेकरू राहणार नाई असं धरून बसली म्हणे.

इथी उकिरड्यातलं खात उपसणं चालू आहे. धानाच्या बांधीत गाड्या पडून राह्यल्या, काळंभोर भुसभुशीत खात. तू होती तेव्हा खड्डा आपण दोघी भरत होतो. पावसाळ्यात शेणावर पळसाची पानं, दिवाळीत उकिरड्यावर दिवा, मळणी झाली की कोंडा अन् भिजकी तनस, शिमग्याच्या आधी झाडलेला पाला. पहिलं टोपलं कोणाचं यावर भांडणंही केली! आता एकटीच भरते. ग्रामसेवक येऊन म्हणते, थर द्या, माती टाका, पाणी शिंपा. म्हटलं, भाऊ, उकिरडा का आम्हाले शिकवता? पण देते आता थर. खात लवकर कुजते, खोटं काऊन बोलू.

फक्त गोठ्याकडच्या कोपऱ्यात मी टोपलं रिकामं करत नाई. तीन वर्षं होत आली. सासूबाई विचारतात, मी कामाचं निमित्त करते.

तुझं लेकरू श्रावणात झालं अन् आठव्या दिवशी गेलं. सासूबाई म्हणाल्या, हिची कूसच खोटी. तू ऐकत राह्यली, मी चुलीपाशी भाकरी थापत राह्यली. त्या बोलण्यापायीच भाऊजी तुले घेऊन तिकडं गेले.

अन्नपूर्णा, लेकरू झाल्यावर पडलेली वार पुरायचं काम माझ्याकडं होतं. उकिरड्यात हातभर खोल पुरायची, कुत्र्यानं उकरली तर लेकरू जगत नाई, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, कुजक्या वासानं मले मळमळत होतं. त्याच कोपऱ्यात वीतभर उकरलं, वरून पानं लोटली अन् घरात पळाली. सकाळी तिथी सारं उकरलेलं होतं. मी फावड्यानं सारखं केलं अन् जीभ चावून बसली.

मागच्या महिन्यात चांद्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईले विचारलं. ती म्हणाली, वार उकरल्यानं काही होत नसते, नाळ मळक्या विळ्यानं कापली असल, त्यानं धनुर्वात होते. म्हणजे आपलं खरं धर की तिचं खरं धर, तुझ्या कुशीचा दोष कुठीच नाई. सुईणीले विळा मीच दिला होता. गोठ्यातून उचलला, धुतलाही नाई.

हे तुले सांगायलेच अक्षरं गिरवली. पत्र टाकून आली की सासूबाईलेही सांगते. या खेपेले नाळ कापायले नवं पातं उकळून ठेव. मले पाहिजे तेवढ्या शिव्या दे, या घरात पाय नको ठेवू, पण आज दोन घास खा माय.

तुझीच,
सुगंधा