बेचाळीस पौंडांचं खोकं

मर्टन लेक,
२१ मार्च

लाडक्या रोडास,

ताईकडून तुला आणि बाळाला खूप खूप पापे. इकडे सगळे बरे आहेत. थंडी मोडलीय, दुपारी धावपट्टीवर चिखल होतो. गोठलेल्या नदी-तळ्यांवरचा बर्फाचा रस्ता परवा बंद झाला. आता जानेवारीपर्यंत तुझ्यामाझ्या गावांच्या मधे फक्त विमानच. बाळाचं नाक कुणावर गेलंय ते तू सांगितलंच नाहीस.

वादळात विमानं बंद पडली आणि आईच्या मातीला तुला येता आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. गावाने सगळं नीट केलं.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "त्या पायलटचं तोंड बघणार नाही मी. विमानाने पंचवीस मिनिटांची वाट, आणि जागा नाही म्हणून म्हातारीला चारशे किलोमीटर रस्त्याने पाठवलं." मी नुसतं 'हं' केलं. तसं करायला नको होतं.

विमानात जागा होती, रोडा. पायलट आईला हात द्यायला खाली उतरून उभा होता. वजन जास्त भरलं ते तिच्या खोक्याचं. सुकवलेलं मूस हरणाचं मांस, धुरावलेले मासे, शरदात मारलेले दोन रानहंस, बाळाचे चामड्याचे बूट. बेचाळीस पौंड. विमानतळाच्या वजनकाट्यापाशी त्या दिवशीही कामावर मीच होते. म्हटलं, "आई, तू बस, खोकं परवाच्या विमानाने पाठवते."

"चार वर्षांनी लेकीच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ? आणि तुझं परवा मला ठाऊक आहे. मागच्या वर्षीचे मासे इथेच राहिले, शेवटी कुत्र्यांनी खाल्ले."

रांगेतली माणसं हसली. मला झोंबलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "मग जा रस्त्याने, खोकं मांडीवर घेऊन!"

ती "बरं" म्हणाली आणि काट्यावरून उतरली. तिने मला उलटून एक शब्द ऐकवला असता तर बरं झालं असतं.

आपला मामेभाऊ इसाया ट्रक घेऊन तिकडेच निघाला होता. रस्ता सांभाळणाऱ्या लोकांचा निरोप सकाळीच आला होता, की नदी ओलांडायच्या जागी बर्फावर पाणी चढलंय. तो विमानतळाच्या फळ्यावर मीच लिहिला होता. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही. इसायाने वाचला. म्हणाला, "ताई, जाऊ का?" मी म्हटलं, "जा, काही होत नाही."

ट्रक त्या पाण्यातच रुतला. पाच तास मदत आली नाही. इसाया म्हणतो, ती घाबरली नव्हती, खोक्याला पाय लावू नकोस म्हणून त्याला दोनदा रागावली. मग छातीत दुखतंय म्हणाली. ऊन होतं तेव्हा.

पायलटला बोल लावू नकोस. त्यालाही फोन करून तू नाही नाही ते बोललीस, त्याने ते ऐकून घेतलं. माझं नाव त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

खोकं आजच्या विमानाने पाठवतेय. त्याच्यासाठी एक जागा धरली आणि वर पट्टा बांधला. आतलं काही काढलेलं नाही. बूट बाळाला आता मोठे होतील, पुढच्या हिवाळ्यात बसतील.

हे वाचून मला फोन करायचा की नाही ते तू ठरव. मी काट्यापाशीच असते.

आईला रस्त्याने पाठवणारी,
तुझी ताई
जेमायमा